मैना, जरा माज कर की!

भाऊजी, तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. विकासनं पिंड ठेवून दोन पावलं मागं घेतली असतील नसतील, तोच घाटावरच्या चिंचेवरून एक कावळा उतरला आणि सरळ भातावर तुटून पडला. भावकीतल्या नानांनी हात जोडले. "आत्मा तृप्त हाय. कायबी इच्छा ऱ्हायली न्हाई," म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. तुमच्या लेकाचा चेहराही जरा सैल झाला. मला मात्र तुमचा राग आला. माणसानं इतकं तृप्त असावं? माझ्याशी चाललेलं भांडण अर्धं टाकून, "उद्या बोलू वैनी," असं म्हणून तुम्ही उठून गेला होता. त्या भांडणाखातर तरी कावळ्यानं एखादी घिरटी घालायला हरकत नव्हती.

आता महिना होत आला. भेटायला येणारी माणसं तुमच्या फौजी शिस्तीचं बोलतात, पहाटेच्या उठण्याचं बोलतात, गोठा कसा लख्ख ठेवला होता त्याचं बोलतात. मी मान हलवते. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं असतं ते मफलरनं तोंड झाकून दुकानातून पिशवीचं दूध आणणारं तुमचं ध्यान.

ही गोष्ट नव्या माणसाला तुम्हीच रंगवून सांगायचा, तेव्हा मी सांगितली म्हणून रागावणार नाही. सगळी नोकरी फौजेत ट्रक चालवून तुम्ही घरी आलात आणि सहा गाईंचा गोठा केलात. पहिल्याच वर्षी तुमच्या कानावर आलं की इंजेक्शनं देऊन गाई ठरल्या दिवशी माजावर आणता येतात, वाट बघत बसावं लागत नाही. तुम्हाला हे फारच पसंत पडलं. गुरांच्या डॉक्टर मॅडम तेव्हा आपल्या भागात नव्या होत्या. त्यांनी समजावलं, "काका, सगळ्या गाई एकदम नकोत. दोन-दोन करून घेऊ." तुम्ही कुठले ऐकताय! "फौजेत फॉल-इन समद्या पलटनीचं एकदमच हुतं, मॅडम." सहाही गाई एका ओळीत उभ्या केल्यात. सगळ्यांना एकाच दिवशी सुया, सगळ्या एकाच दिवशी रेतन करून भरवल्या. चार लागल्या, म्हणजे गाभण राहिल्या, उरलेल्या दोन पुढच्या महिन्यात लागल्या. तुमची छाती गोठ्याच्या दारात मावेना.

मग त्या चारही एकाच आठवड्यात व्याल्या आणि घरात चिकाचा पूर आला. चीक विकायचा नाही, वाटायचा, ही आपली रीत. तुमची शालन आणि मी, आम्ही दोघी जावांनी तांबे भरभरून आळी पालथी घातली. गावभर खरवस शिजला. आणि चिकाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही गावाची रीत. मग कुणाच्या भांड्यातून साखर, कुणाच्या भांड्यातून गूळ, शेंगदाणे, एकीकडून तर दोन अंडी परत आली. शेवटी शेवटी बायका आम्हाला लांबून बघूनच दार ओढून घ्यायला लागल्या.

खरी गंमत पुढच्या साली झाली. पाठोपाठ व्यालेल्या गाई पाठोपाठच गाभण राहिल्या, आणि आटवायच्याही पाठोपाठ आल्या. सहा गाईंच्या दावणीत चहापुरतं दूध नाही! तुम्ही मफलर गुंडाळून, दिवस मावळायची वाट बघून दुकानात जायचा. एकदा पारावर नानांनी गाठलंच. "काय हवालदार, समद्या पलटनीला एकदम रजा दिली व्हय?" तुम्ही मफलर काढलात आणि त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलात. स्वतःवर असं हसणारा पुरुष या घराण्यात मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर मात्र तुम्ही मॅडमच्या शब्दाबाहेर कधी गेला नाहीत.

एक गोष्ट तुम्ही कुणालाच सांगितली नाहीत, ती मी सांगते. तुमचे दादा गेले आणि त्याच वर्षी माझी शाळेतली नोकरी संपली. सकाळी उठून वेणी कुणासाठी घालायची, ते मला कळेना. मी भिंतीला टेकून बसून राहायची. तुम्ही सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीत. एका सकाळी दारात येऊन, जसा हुकूम द्यावा तसं म्हणालात, "वैनी, आजपास्नं सकाळ-संध्याकाळ गोठ्यात ड्यूटी. धार काढायची न्हाई, शेन काढायचं न्हाई. खुर्ची टाकून नुसतं बघायचं. कोन कुनावर चढतीया, कोन शेपटीखाली चिकट सोट टाकतीया, कोन वैरन सोडून आभाळाकडं बघतीया. शालनला कामातनं नदर ठेवाय जमत न्हाई."

"मला गाईंतलं काय कळतंय?"

"पोरांतलं पयल्या दिवशी कळत हुतं व्हय?"

झालं. निवृत्त बाईला पुन्हा वर्ग मिळाला. कोणती गाय खोडकर, कोणती लाजाळू, कोणती शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालते, हे मला महिन्याभरात पाठ झालं. मी वेणी घालायला लागले. भाऊजी, त्या खुर्चीनं मला उठवलं. दिराचे आभार मानायची आपल्याकडं पद्धत नाही, म्हणून मीही कधी मानले नाहीत. उलट तुमच्या प्रत्येक सुईवर वाद घालत राहिले.

मराठी शिकवण्यात हयात गेलेल्या बाईला 'माज' या शब्दाची गंमत वाटायचीच. माणसाला आला की उतरवायचा, गाईला आला की पेढे वाटायचे! कुणी तोऱ्यात चाललं की सारं गाव म्हणतं, लय माज आलाय. आणि तुम्ही आपल्या मैना गाईपुढं हात जोडून उभे राहायचा, "मैना, जरा माज कर की!" रस्त्यानं जाणारे थांबून हसायचे. शालन तेवढी हसायची नाही.

ती का हसत नव्हती ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. शालनचं माहेर जतकडचं. लग्नाच्या साली तिकडं टँकरनं पाणी चाललेलं. तिच्या वडलांनी लेकीला आंदण म्हणून खिलार गाय दिली. वरातीच्या मागं टेम्पोत गाय उभी, शिंगांना फुगे बांधलेले. आपले लोक म्हणाले, कशाला एवढी तसदी? तर म्हातारा म्हणाला, "आमच्याकडं चारा न्हाई. तुमच्याकडं उसाचं वाडं हाय. लेकबी जगंल, गायबी जगंल." दोघी जगल्या. पुढं त्या गाईच्या लेकी जर्सीच्या रेतनानं भरवल्या, रंग पालटला, शिंगं बदलली, तरी शालन त्यांना माहेरचीच म्हणायची. लम्पीच्या साथीत त्या वंशातली एक-एक गेली. राहिली एकटी मैना. तीही आजारातून उठलेली. पहिल्या वेताला तिला गोऱ्हा झाला, आणि त्यानंतर ती जी गप्प झाली ती झालीच. ना हंबरणं, ना चढणं, ना सोट. मी रोज तिच्यापुढं खुर्ची टाकून बसायची. ती माझ्याकडं बघत रवंथ करायची.

दूध आटलं, वर्ष उलटून गेलं. विकास चाकणहून यायचा तेव्हा विषय काढायचा. त्याचंही चुकत नव्हतं. घरात खाणारी तोंडं मोजावीच लागतात. "अप्पा, दावणीला बांधून नुसतं खाऊ घालायला आपला काय पांजरपोळ हाय का?" तो म्हणायचा. शालन ताटावरून उठून जायची. तिनं कधी 'विकू नका' असं म्हटलं नाही. आमच्यात बाईनं आपल्या आंदणासाठी सासरी हट्ट धरायचा नसतो, असं तिला तिच्या आईनं शिकवलं असणार.

शेवटी डॉक्टर मॅडमनी मैनेला नीट तपासलं. त्या म्हणाल्या, "मुका माज असता तर आत सगळं चालू असतं, फक्त बाहेर दिसत नाही. हिचं आतलंच थांबलंय." आधी त्यांनी सुईचं नावही काढू दिलं नाही. खुराक वाढवा, खनिजाची भुकटी द्या, जंताचं औषध द्या, गाय अंगानं भरू द्या, मग बघू. ते सगळं तुम्ही नेमानं केलंत. आणि मग ती 'अँटेना' आली.

अँटेना हे तुमचंच नाव. गाईच्या आत आठवडाभर बसवून ठेवायचं ते औषधाचं रबरी साधन, आणि त्याची दोरी बाहेर शेपटीखाली लोंबती. नानांनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा व्यालेल्या गाईचा जार लोंबतोय समजून ओढायला निघाले होते. तुम्ही धावत जाऊन त्यांचा हात धरलात. "नाना, स्टेशन लागतंय अजून, बंद करू नगा!"

मला पटेना. मी विचारलं, हे नेमकं करतं काय? तुम्ही गव्हाणीवर बसून मला समजावलंत. "वैनी, रेल्वेचं फाटक बघितलंय न्हवं? मैनेची गाडी कुठंतरी रस्त्यातच बंद पडलीया. आपन आठवडाभर फाटक लावून घ्यायचं. अँटेना आत असली की अंगाला वाटतं, थांबायचं हाय. मागं समदं गोळा हुतं. मग एक दिवस अँटेना काढायची, सुई द्यायची, फाटक उघडायचं. गाड्या आपापल्या सुटत्यात." नंतर हेच मी मॅडमना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "काकांचं फाटक बरोबर आहे. फक्त प्रत्येक गाडी सुटतेच असं नाही."

मग आपलं भांडण सुरू झालं, आणि ते आपल्या शेवटच्या बोलण्यापर्यंत चाललं. मी म्हणायची, तिच्या अंगाला थांबायचंय तर थांबू द्या की. बोलता येत नाही म्हणून तिच्या वतीनं आपण होकार द्यायचा? तुम्ही म्हणायचा, आजारानं थांबवलंय तिला, तिनं कुठं ठरवलंय? मी म्हणायची, फाटक तिचं, मग किल्ली तुमच्या हातात का? तुम्ही म्हणायचा, "वैनी, तुमी शब्दांत लय हुशार. मैनेला शब्द कळत न्हाईत, त्याला मी काय करू?"

एक कबूल करायला हवं. त्या सुयांशी तुम्ही कधी खेळ केला नाहीत. गल्लीतलं कुणी ना कुणी यायचं, "ते माजाचं इंजेक्शन एखादं उरलं असंल तर द्या की." तुम्ही दारातूनच परतवायचा. गाय आधीच गाभण असली आणि ती सुई टोचली तर वासरू टाकेल, हे तुम्ही ओरडून सांगायचा. लोक म्हणायचे, हवालदार लय आखडू. आणि सूनबाईला दिवस होते तेव्हा तर तुम्ही कमालच केलीत. त्या औषधाचा थेंब गरोदर बाईच्या कातडीला लागलेलाही चालत नाही असं मॅडम म्हणाल्या, तर तुम्ही गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर चुन्याची रेघ मारलीत. "ह्या रेघंच्या अलीकडं सूनबाई दिसली तर मी घर सोडीन." मी म्हटलं, रामायणात रेघ दिरानं मारली होती, इथं सासऱ्यानं. तुम्ही न हसता म्हणालात, "ती वलांडली म्हनून पुढचं समदं झालं. ही कुनी वलांडायची न्हाई." पोर जन्माला आलं तरी किती दिवस तुम्ही ती रेघ नव्यानं मारत होता.

पहिली अँटेना वाया गेली, तेव्हा विकासशी तुमचं ठरलं, मैनेची पुढची खेप शेवटची. लागली तर ठीक. उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर विकायची. हे तुम्ही शालनसमोरच बोललात आणि ती नुसती भाकरी थापत राहिली.

दुसरी अँटेना बसवली त्या संध्याकाळी मी माझ्या खुर्चीवर होते. मी म्हटलं, "वाट बघायला काय झालं होतं?" तुम्ही बादली खाली ठेवलीत. एरवी तुमचं उत्तर तयार असायचं, त्या दिवशी तुम्ही मलाच विचारलंत. "वैनी, तुमच्या वर्गात एकादं पोरगं बोलतच नसलं, तर तुमी काय करत हुता?"

"वाट बघायची."

"आन वाट बघून बघून बी बोललंच न्हाई, तर?"

मी उत्तर शोधत होते. तेवढ्यात डेअरीला दूध घालायची वेळ झाली आणि तुम्ही किटली उचललीत. "उद्या बोलू वैनी. तवर ईचार करून ठेवा." दुसऱ्या दिवशी तुम्ही विटा-सांगलीकडं कुणाकडं तरी गेलात. तिसऱ्या दिवशी सकाळी उसाला पाणी धरायला गेलात, ते चार माणसांनी घरी आणलं.

त्याबद्दल मी काही लिहीत नाही. शालननं हंबरडा फोडला नाही, एवढंच सांगते. ती गप्प झाली. मला तिच्याकडं बघवेना. तशी नजर मी रोज गोठ्यात पाहत होते.

राख सावडून आलो, त्यानंतर दोन दिवसांनी मैनेची अँटेना काढायची होती. कुणाच्या ध्यानात असणार? सोप्यात माणसं बसलेली, आणि फाटकाशी डॉक्टर मॅडमची स्कूटर थांबली. त्या आत येईनात. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "मावशी, वेळ चुकीची आहे, कळतं मला. पण काकांनी तारीख घेऊन ठेवली होती. आज काढायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. नको असेल तर मी जाते."

नानांनी ऐकलं. त्यांचा स्वभाव वाईट नाही, पण रीतभात म्हटली की त्यांच्या अंगात येतं. "सुतकात गाय भरवायची? पुढच्या दारात राख गार झाली न्हाई आन मागच्या दारात हे? शोभतंय व्हय?" विकास खाली बघत बसला. माणसं माना डोलवू लागली. आणि भाऊजी, मग शालन उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. तीन-चार दिवस त्या बाईनं तोंडानं पाणीसुद्धा मागून घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "त्येनी सांगून ठिवलंय. मी काढून घेनार." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "अक्का, चला." जतची आहे ना, थोरल्या जावेला अजून अक्काच म्हणते.

आता माझी पंचाईत बघा. आयुष्यभर सुईच्या विरुद्ध बोलले, आणि बाजू घ्यायची वेळ आली ती सुईची. मी नानांपुढं उभी राहिले. "नाना, दहाव्यानंतर सुतक फेडायला घरात काय शिंपडणार?"

"गोमूत्र. दुसरं काय?"

"जिच्या मुतानं आमचं सुतक फिटतं, तिला आमचं सुतक लागेल कसं?"

कोपऱ्यात कुणीतरी खोकलं. नानांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मास्तरीनबाईच्या तोंडाला कोन लागनार? जावा, पर मागच्या दारानं जावा." त्या क्षणी मला मागं वळून तुमच्याकडं बघावंसं वाटलं. तुम्ही असता तर तीच ओळ महिनाभर गावभर सांगत फिरला असता.

शालननं मैनेचं मोरखं धरलं. मॅडमनी दोरी हलकेच ओढून अँटेना काढली, सुई दिली. दोन दिवसांनी आल्या, पुन्हा सुई. मग ठरल्या वेळी मैना भरवली. तिकडं पुढच्या दारी कुणी ना कुणी रडत आत येत होतं, इकडं आम्ही दोघी बायका गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. शालन तिच्या कानाशी काहीतरी कानडीत पुटपुटत होती. काय ते मी विचारलं नाही.

मग वाट बघणं आलं. तीन आठवड्यांच्या आसपास ती पुन्हा माजावर आली नाही, तर आशा धरायची, असं मॅडम म्हणाल्या. मी खुर्चीवरची वेळ वाढवली. मनात तुमचा प्रश्न असायचाच. वाट बघून बघून बोललंच नाही तर? मला माझ्या वर्गातल्या गप्प मुली आठवायच्या. मी त्यांच्यासाठी खरंच काय करत होते? वाट बघायची, हे खरं. पण नुसती वाट नाही. कविता म्हणायला उभी केली, आणि पोर थिजली, की मी शेजारी जाऊन पहिला शब्द हळूच सांगायची. तेवढाच. पुढचे तिचे तिला यायचे. न आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला शब्द. हे मला तुमच्यापुढं त्या संध्याकाळी आठवलं असतं तर मी हरले असते, म्हणूनच बहुधा आठवलं नाही.

आणि परवा दुपारी, भाऊजी, मैना ओरडली.

आम्ही जेवायला बसलो होतो. विकास सुट्टीवर आलेला. पहिल्यांदा वाटलं रस्त्यावर कुणाचं तरी जनावर आहे. मग पुन्हा. असा आवाज की पत्र्यावरची कबुतरं उडाली. शालन हातातला घास टाकून धावली, मागून मी. मैना दावं ताणून, मान वर करून हंबरत होती. शेजारच्या कालवडीवर चढायला बघत होती. शेपटीखाली काचेसारखा सोट. एवढ्या दिवसांत तिच्यापुढं खुर्ची टाकून बसले, तिच्या गळ्यात असा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं.

आनंद झाला आणि त्याच क्षणी ध्यानात आलं. ती उलटली होती. म्हणजे लागली नव्हती. म्हणजे तुमचं आणि विकासचं ठरलेलं.

विकास दारात येऊन उभा राहिला. त्यालाही कळलं. पोर वाईट नाही हो, तुमचंच आहे. तो हळूच म्हणाला, "उलटली न्हवं?"

"व्हय," शालन म्हणाली. "उलटली."

मैना पुन्हा ओरडली. शालननं तिच्या गळ्यात हात टाकला आणि लेकाकडं वळली. भाऊजी, तिचा तो आवाज तुम्हीही कधी ऐकला नसेल. "मुकी हुती तवा ठिवली. आता बोलाय लागली तर इकायची व्हय रं? ही माज्या माहेरची गाय हाय. मी न्हाई इकनार."

विकासनं आईकडं बघितलं. मग त्यानं खिशातून फोन काढला. मला वाटलं व्यापाऱ्याला. तर म्हणतो, "मॅडम, मैना ओरडतीया. व्हय, सुई न देता. आपली आपन. येताय न्हवं?"

मॅडम संध्याकाळी येऊन भरवून गेल्या. जाताना म्हणाल्या, हीच मोठी गोष्ट आहे, थांबलेलं चालू झालं. या खेपेला गाभण राहील की नाही ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. न राहिली तर पुढच्या वेळी राहील. शालन काल सकाळी नानांच्या घरी ताक द्यायला स्वतः गेली आणि त्यांच्या सुनेशी बराच वेळ बोलत बसली.

आपलं भांडण मात्र संपलं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं. ती सुईनं लागली नाही हा माझा मुद्दा मी धरून ठेवू शकले असते. पण ओरडली ती तुमच्यामुळं. पहिला शब्द तुम्ही सांगितलात, पुढचा तिनं म्हटला. तिच्यासाठी, शालनसाठी, आणि तुमचे दादा गेल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या माझ्यासाठीही तुम्ही तेवढंच केलंत.

तुमचं बरोबर होतं, भाऊजी. तुम्ही समोर असता तर हे कबूल करायला मी आणखी चार वर्षं तरी लावली असती.